भरतीचे वेळापत्रक आणि पबचा परवाना

ब्रिटनच्या किनाऱ्याला लागून असलेल्या जुन्या पबांवर शतकानुशतके दोन अंमल चालत आले आहेत: एक समुद्राचा, जो दिवसातून दोनदा उंबरठ्याजवळ येऊन आपली हद्द मोजून जातो, आणि दुसरा सरकारचा, जो दार केव्हा उघडावे, केव्हा लावावे आणि पेल्यात किती माप ओतावे हे परवान्याच्या कागदावर ठरवून देतो. शहरातल्या पबला यांपैकी दुसराच ठाऊक असतो. म्हणून लंडनमधील पब त्यांच्या आरशांनी आणि कोरीव महोगनीने कितीही देखणे वाटले, तरी ही संस्था ज्याला मुळातून पाहावयाची असेल त्याने आगगाडीने किनारा गाठावा, असे माझे मत आहे. त्यासाठी मद्याची रुची असलीच पाहिजे अशी अट नाही. सोड्यात लिंबाचे सरबत मागणाऱ्या गृहस्थाकडे तेथे कोणी वाकड्या नजरेने पाहत नाही, आणि पेला रिकामा झाला म्हणून त्याला उठवावयास कोणी येत नाही.

प्रथम वेल्सच्या वायव्य टोकाकडील लीन द्वीपकल्पात जावे. पुल्हेली येथे लोहमार्ग संपतो; तेथून बसने मोर्वा नेविन नावाच्या गावी उतरले, की पुढे पोर्थडिनलाइनपर्यंत पाहुण्यांच्या मोटारींना मज्जाव आहे. ओहोटी असेल तर वाळूवरून, नसेल तर टेकाडावरच्या गोल्फच्या मैदानातून असे सुमारे वीस मिनिटे चालत जावे लागते. आणि मग कड्याच्या कुशीत, पाण्यापासून चार पावलांवर, उण्यापुऱ्या दोन डझन घरांची जी वस्ती दृष्टीस पडते तिच्या मध्यभागी 'टी कोख' नावाचा पब आहे. वेल्श भाषेत या नावाचा अर्थ तांबडे घर असा होतो, आणि त्याच्या तांबड्या विटा हॉलंडहून येणाऱ्या गलबतांनी नीरम म्हणून भरून आणल्या होत्या असे सांगतात. हे घर १८२३ साली बांधले गेले ते धर्मोपदेशकाच्या निवासासाठी. पुढे तो दुसरीकडे राहावयास गेला आणि १८४२ साली त्याच्याच कारभारणीने तेथे खाणावळवजा पब उघडला. गिऱ्हाइके म्हणजे त्या वेळी तेथे गलबते बांधणारे सुतार, हेरिंग मासळीवर उपजीविका करणारे कोळी आणि वादळात आसरा शोधणारे खलाशी होत. शेजारच्या नेविन गावाच्या मुद्रेवर आजही तीन हेरिंग आहेत, यावरून त्या मासळीचे तिथले मोल कळून यावे.

या चिमुकल्या वस्तीच्या कपाळी एके काळी फार मोठे भाग्य लिहिले जाणार होते. १८०१ साली आयर्लंड आणि ग्रेट ब्रिटन यांचे एकीकरण झाल्यावर डब्लिनचे प्रतिनिधी लंडनच्या पार्लमेंटात जाऊ-येऊ लागले आणि त्यांच्यासाठी वेल्सच्या किनाऱ्यावर एक पक्के बंदर हवे झाले. विल्यम मॅडक्स नावाच्या उत्साही गृहस्थाने पोर्थडिनलाइनचा पक्ष घेतला, त्या दिशेने रस्ते आखले, ट्रिमॅडॉग हे गाव वसवून त्यातल्या रस्त्यांना लंडन आणि डब्लिन अशी नावेही देऊन टाकली. परंतु १८१० साली यासंबंधीचे विधेयक पार्लमेंटात फेटाळले गेले, आणि तेही केवळ एका मताने, असे स्थानिक लोक अद्याप हळहळून सांगतात. टपालाची जहाजे हॉलीहेडला गेली, टेलफर्ड नावाच्या अभियंत्याने १८२६ साली मेनाईच्या सामुद्रधुनीवर झुलता पूल टांगला, आणि पोर्थडिनलाइन जसेच्या तसे राहिले. ते एक मत इकडचे तिकडे झाले असते तर आज येथे धक्के, यारी आणि जकातीची दप्तरे दिसली असती. प्रवाशाच्या दृष्टीने पार्लमेंटाने इतका शहाणा निर्णय क्वचितच घेतला असेल. १९९४ पासून ही सारी वस्ती नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या मालकीची आहे, त्यामुळे यापुढेही तिथे काही मोठे घडण्याची भीती नाही.

पबच्या आत छताच्या तुळयांना कंदील आणि जहाजावरच्या वस्तू टांगलेल्या आहेत; पण हवा बरी असली की सारी मंडळी पेले घेऊन बाहेरच्या बुटक्या भिंतीवर बसतात, मुले अनवाणी पाण्यात जातात, कुत्री वाळू उकरतात, आणि उपसागरापलीकडे यर आइव्हल पर्वताची तीन शिखरे ढगांत आतबाहेर करीत असतात. कानावर इंग्रजीइतकीच वेल्श पडते. आणि या भिंतीवर बसून रविवारी दुपारी बिअरचा पेला हाती धरण्याची मुभा अगदी अलीकडची आहे, हे पाहुण्याच्या ध्यानातही येत नाही.

ती हकीकत अशी. १८८१ साली पार्लमेंटाने वेल्सपुरता एक कायदा करून रविवारी सर्व पब बंद ठेवावेत असे फर्मावले. प्रार्थनामंदिरांचा आणि मद्यपाननिषेधाच्या चळवळीचा तेव्हा त्या मुलखावर एवढा पगडा होता, की शतकानुशतके इंग्लंडच्या शेपटाला बांधून चालविलेल्या वेल्सला स्वतंत्र कायदा मिळाला तो प्रथम या विषयात. पब बंद, पण सभासदांचे खासगी क्लब उघडे. गावकऱ्याला मनाई, पण खऱ्याखुऱ्या प्रवाशाला मुभा. आणि मग रविवारी खरेखुरे प्रवासी होण्याची लाट देशभर उसळली नसती तरच नवल. १९६१ च्या कायद्याने हा प्रश्न दर सात वर्षांनी स्थानिक मतदानाला टाकावा असे ठरले. एकेक जिल्हा ओला होत गेला. १९८९ च्या मतदानानंतर दुइवोर हा एकटाच कोरडा राहिला, आणि पोर्थडिनलाइन नेमके त्या दुइवोरमध्ये पडत होते. १९९६ साली त्यानेही हात टेकले. याच जिल्ह्यात, दुइवोर नावाच्याच नदीकाठी, मद्यपानाला पाप मानणाऱ्या एका घरात वाढलेल्या मुलाने मात्र साऱ्या ब्रिटनच्या पबांना पाऊणशे वर्षे पुरेल असे कुलूप लावून ठेवले होते. तो मुलगा म्हणजे पुढे पंतप्रधान झालेला लॉइड जॉर्ज. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांतील मजूर दुपारी पबातून झिंगून परततात, म्हणून मद्य हा जर्मनीहून मोठा शत्रू आहे असे त्याने जाहीरपणे सांगितले. १९१५ साली नियंत्रण मंडळ नेमले गेले. आणि दुपारी दोन-अडीच तास पब बंद ठेवण्याचा जो नियम युद्धापुरता म्हणून आला तो युद्ध संपल्यावर ठाण मांडून बसला. इंग्लंड-वेल्समध्ये तो, रविवार सोडून, १९८८ साली उठला. त्यापूर्वी समुद्रस्नान आटोपून तीन वाजता पबकडे वळलेल्या पाहुण्याला बंद दाराबाहेर वाऱ्यात उभे राहावे लागे. सरकारच्या तात्पुरत्या तरतुदींचे आयुष्य किती असते याचा हा दाखला कोणत्याही देशाच्या नागरिकाने जपून ठेवावा.

मराठी वाचकाला येथे आपल्याकडच्या व्यवस्थेची आठवण होणे स्वाभाविक आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमाने, जो नावात महाराष्ट्र घेऊन आजही अमलात आहे, पिणाऱ्यालाच परवाना घ्यावयास लावले. त्या परवान्याची स्मृती आपल्या हमरस्त्यांवरील 'परमिट रूम'च्या पाट्यांत टिकून आहे. ब्रिटनमधील कायद्याचा कटाक्ष दुकानदारावर, त्याच्या घड्याळावर आणि त्याच्या मापावर असतो. पिणारा प्रौढ असला की त्याच्याकडे कोणी कागद मागत नाही. पहिल्या पद्धतीत माणूस अंधाऱ्या खोलीत जाऊन बसतो, दुसऱ्या पद्धतीत तो बायकामुलांसह भिंतीवर उन्हात बसतो. दोहोंपैकी कोणत्या पद्धतीने अधिक मद्य खपते याची चिकित्सा अर्थशास्त्रज्ञांनी करावी. बसण्याच्या शोभेचा प्रश्न मात्र मला निकालात निघालेला दिसतो.

पबात शिरणाऱ्या आपल्या माणसाची पहिली अडचण अशी होते, की तो टेबलाशी बसून वाट पाहतो आणि कोणी येत नाही. फडताळापुढच्या लाकडी बारशी आपण होऊन जावे, मागावे आणि तेथल्या तेथे पैसे चुकते करावेत. बारशी रांग नसते, पण कोण आधी आला हे पलीकडच्या माणसाच्या पक्के ध्यानात असते. हात उंचावणे वा नाणे वाजविणे हा असंस्कृतपणा समजला जातो. मंडळी चार असतील तर एकाने चौघांसाठी आणावयाचे, मग दुसऱ्याने. आणि आपली पाळी येण्यापूर्वी घरची आठवण होणाऱ्याचे नाव पंचक्रोशीत होते. बक्षिसी द्यावी लागत नाही. माप पिंटाचे, म्हणजे ५६८ मिलिलिटरचे, अथवा अर्ध्याचे. स्वयंपाकघर पबच्या आधीच मिटते, म्हणून दुपारी दोनच्या आत जेवण सांगून टाकणे श्रेयस्कर. किनाऱ्यावर खेकड्याचे सँडविच बहुधा ताजे मिळते. शाकाहारी माणसाने चीज, पाव, लोणचे आणि सफरचंद असलेले 'प्लाउमन्स लंच' मागवावे. त्याच्या नावावरून ते शिवारातून आले असावे असे वाटते. वस्तुतः त्याचा प्रसार दुसऱ्या महायुद्धानंतर चीजचा खप वाढविणाऱ्या मंडळींनी केला. तरीही ते रुचकर असते.

बिअर कोमट असते, ही आपल्या लोकांची दुसरी तक्रार. ती कोमट नसते. तळघराच्या उष्म्याची, म्हणजे सुमारे बारा अंशांची असते. पारंपरिक एल पिंपात भरल्यावरही जिवंत असते, तिच्यातले किण्व काम करीत राहते, आणि बर्फासारखी गार केली तर तिचा स्वाद झोपी जातो. ती बाहेरच्या वायूच्या दाबाने न उसळविता हाताच्या दांड्याने उपसून काढतात. या पंपाचा हक्क १७९७ साली जोसेफ ब्रामा या यंत्रज्ञाने नोंदविला. एकदा उघडलेले पिंप तीन-चार दिवसांत संपले नाही तर आंबते, त्यामुळे ज्या पबाला गिऱ्हाईक नाही तेथे चांगली एल असूच शकत नाही. मोठ्या कारखानदारांनी ही कटकट टाळण्यासाठी निर्जीव बिअरचा मारा सुरू केला, तेव्हा चार मित्रांनी १९७१ साली तिच्याविरुद्ध चळवळ उभारली आणि तिचा श्रीगणेशाही एका समुद्रकाठच्या पबातच केला: आयर्लंडच्या अगदी पश्चिम टोकाला, डनक्विन येथे. ज्या हिंदुस्थानासाठी लंडनच्या बो येथील हॉजसनच्या भट्टीतून फिकट रंगाची बिअर पिंपे भरभरून मुंबई-कलकत्त्याकडे रवाना होत असे, त्या देशातून आलेल्या पाहुण्याला या पेल्याशी थोडे जुने नाते आहे असे म्हणण्यास हरकत नाही.

आता पुन्हा किनाऱ्याकडे वळू. डेव्हनमधील बिगबरीच्या वाळूसमोर बर्ग नावाचे बेट आहे. ओहोटीत पायी जावे, भरतीत उंच चाकांवर बसविलेल्या चौथऱ्याच्या ट्रॅक्टरने पाणी कापीत जावे. अगाथा ख्रिस्तीने ज्यावर दोन रहस्यकथा रचल्या ते हे बेट. तेथील 'पिल्चर्ड इन' आपला जन्म १३३६ सालचा सांगतो. ब्रिटनमधील पबांच्या जन्मतिथी आपल्याकडील देवस्थानांच्या आख्यायिकांप्रमाणे श्रद्धेने ऐकाव्यात, उलटतपासणी करू नये. या पबांशी जोडलेल्या चोरट्या व्यापाराच्या कथांत मात्र बरेच तथ्य असते. अठराव्या शतकात ब्रँडी, तंबाखू आणि चहा यांवर एवढी जकात होती, की रात्री होड्यांतून उतरलेला माल पबच्या तळघरात जाई आणि सकाळी गावचा प्रतिष्ठित माणूसही तो निम्म्या किमतीत घेई. चहावरची जकात शेकडा ११९ पर्यंत चढली होती. १७८४ साली ती एकदम साडेबारावर आणताच चहाची चोरटी आयात जवळजवळ बंद पडली. पहारेकऱ्यांच्या नौकांना जे साधले नव्हते ते एका दरपत्रकाने साधले.

कॉर्नवॉलमधील माउझल हे गाव पेन्झन्सपासून जवळ आहे. १५९५ साली स्पॅनिश गलबतांनी हल्ला करून ते जाळले, त्यातून किग्विन घराण्याचा दगडी वाडा तेवढा वाचला. पुढे कित्येक वर्षे तोही पब होता. धक्क्यावरील 'शिप इन' हा आजचा पब. येथे दर वर्षी २३ डिसेंबरला टॉम बॉकॉक नावाच्या कोळ्याची स्मृती साजरी होते: उपासमारीच्या हिवाळ्यात, वादळाला न जुमानता त्याने एकट्याने होडी नेऊन गावापुरती मासळी आणली अशी कथा आहे, आणि त्याप्रीत्यर्थ पबात 'पाय' नावाचा जो कवचबंद पदार्थ भाजतात त्याच्या कवचातून पिल्चर्ड माशांची तोंडे आकाशाकडे पाहत बाहेर आलेली असतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याची भूक जरा मागे सरते.

परंतु माउझलला त्या कथेहून निराळी आणि खरी एक तारीख आहे. १९ डिसेंबर १९८१ च्या रात्री हॉलंडहून आयर्लंडकडे पहिल्याच सफरीवर निघालेल्या 'युनियन स्टार' या मालवाहू जहाजाचे यंत्र बंद पडले आणि भयंकर वादळात ते खडकांकडे वाहत चालले. त्यावर आठ माणसे होती, त्यांत कप्तानाची पत्नी आणि तिच्या दोन मुली होत्या. पेनली येथील 'सॉलोमन ब्राउन' ही जीवरक्षक नौका पाण्यात गेली. तिच्यावरचे आठही जण गावातले स्वयंसेवक होते. सुकाणूधारी ट्रेव्हेल्यन रिचर्ड्स याने एका घरातले बापलेक दोघेही त्या रात्री सोबत घेण्याचे नाकारले, म्हणून त्यांपैकी मुलगा वाचला. नौकेने चार माणसे उचलल्याचा निरोप किनाऱ्यावर आला. उरलेल्यांसाठी ती पुन्हा जहाजाला भिडली आणि त्यानंतर दोन्ही नष्ट झाली. सोळांपैकी एकही वाचला नाही. त्या आठ स्वयंसेवकांत चार्ली ग्रीनहॉ हा 'शिप इन'चा मालक होता. बंदरातील नाताळाचे दिवे लावण्याचा मान काही दिवसांपूर्वीच त्याला मिळाला होता. दुर्घटनेनंतर मालवलेले ते दिवे पुन्हा लावावेत असे त्याच्या विधवेने सांगितले, आणि तेव्हापासून दर १९ डिसेंबरला ते तेवढे तासभर मालवतात. पबचा मालक हा गावात कोण असतो, हे समजण्यासाठी एवढे पुरे. ज्याच्या दाराशी गाव रोज संध्याकाळी जमते त्याला गाव हाक मारते तेव्हा घरी बसता येत नाही.

यॉर्कशरच्या किनाऱ्यावर समुद्राचा अंमल अधिक जुलमी आहे. स्टेद्स येथील 'कॉड अँड लॉब्स्टर' हा पब लाटांनी तीनदा पाडला आणि तीनदा तो त्याच जागी बांधला गेला. दहा पावले मागे सरकण्याचा विचार कोणाच्या मनात आलेला दिसत नाही. याच गावी पुढे दर्यावर्दी म्हणून गाजलेला जेम्स कुक १७४५ च्या सुमारास एका दुकानात उमेदवारी करीत होता. ते दुकान समुद्राने केव्हाच नेले.

त्याउलट नॉर्दम्बरलंडमधील लो न्यूटन हे स्थान मला सर्वांत सुखाचे वाटले. तीन बाजूंनी कोळ्यांची अठराव्या शतकातील पांढरी घरे, मध्ये हिरवळीचा चौक, चौथ्या बाजूला वाळू आणि समुद्र. कोपऱ्यात 'शिप इन', ज्याची एल त्याच्याच आवारातील लहान भट्टीत तयार होते. हीदेखील मालमत्ता नॅशनल ट्रस्टची. दक्षिणेकडे वाळू तुडवीत गेले की १३१३ साली लँकेस्टरच्या सरदाराने बांधावयास घेतलेल्या डन्स्टनबरा किल्ल्याचे भग्नावशेष लागतात, आणि त्यापलीकडे ओकच्या भुशावर धुरी दिलेल्या हेरिंगसाठी प्रसिद्ध असलेले क्रॅस्टर. मात्र चौकातली घरे आता कोळ्यांची नाहीत. हिवाळ्यात त्यांतल्या बऱ्याच खिडक्या काळोख्या असतात. किनाऱ्यावरील अनेक गावांचे हेच झाले आहे: मासेमारी गेली, घरे सुटीसाठी विकली गेली, आणि गाव म्हणून जे उरले ते पबच्या चार भिंतींत. तो पबही आपल्यासारख्या परक्यांच्या पेल्यावर चालतो, हे मनात ठेवून पाहुण्याने नुसते छायाचित्र काढून परतू नये, काहीतरी मागवावे.

मराठी माणसाने स्कॉटलंडमधील ईली मात्र चुकवू नये. फाइफ परगण्यातील या गावच्या 'शिप इन'चा स्वतःचा क्रिकेट संघ आहे, आणि तो उन्हाळ्यात पबसमोरच्या वाळूवर, ओहोटीने मोकळ्या केलेल्या खेळपट्टीवर सामने खेळतो. प्रेक्षक पबच्या बागेच्या भिंतीशी पेले घेऊन उभे असतात, आणि पंचाचा निर्णय न पटला तरी भरतीचा निर्णय सर्वांना मान्य करावाच लागतो. दुपारच्या बंदीचा नियमही स्कॉटलंडने इंग्लंडच्या बारा वर्षे आधी, १९७६ च्या कायद्याने ढिला केला, तेव्हा येथल्या प्रेक्षकांची दुपार लवकर सुखाची झाली. सामन्यांचे वेळापत्रक भरतीच्या तक्त्यावर बेतलेले असते, म्हणून ते आधी मागवून घ्यावे. ऑगस्टमध्ये खोली मिळत नाही, जून बरा. आणि जून असला तरी लोकरीचा सदरा सोबत न्यावा, कारण फोर्थच्या खाडीवरून येणाऱ्या वाऱ्याला उन्हाळ्याची वार्ता नसते.